मराठीच्या वाटेने स्वीडिश

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चिंचवडवरून ज्यांनी वर्षानुवर्षं ये-जा केली आहे, त्यांना एसकेएफ ही तीन अक्षरं पाठ असतात. बेअरिंग बनवणारी कंपनी, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. या अक्षरांमागचं पूर्ण नाव सांगणारा मात्र क्वचित भेटतो. ते आहे 'स्वेन्स्का कूलागेरफब्रीकेन'. स्वेन विंगक्विस्ट या अभियंत्याने १९०७ साली गोथेनबर्गमध्ये ही कंपनी काढली तेव्हा त्याच्या मनात व्याकरण नसणार, पण ते नाव म्हणजे स्वीडिश भाषेचा पहिला धडाच आहे.

'स्वेन्स्का' म्हणजे स्वीडिश. पुढचा लांबलचक शब्द हा समास आहे: 'कूला' म्हणजे गोळी, 'लागेर' म्हणजे बेअरिंग आणि 'फब्रीक' म्हणजे कारखाना. शेवटी उरतो तो 'एन'. हा प्रत्यय. त्यामुळे 'कुठलातरी कारखाना' न राहता 'तो ठरावीक कारखाना' असा अर्थ येतो. इंग्रजी हे काम शब्दाच्या आधी 'द' ठेवून करते. स्वीडिश तोच भाव शब्दाच्या शेपटाला चिकटवते. 'एन बूक' म्हणजे एक पुस्तक, 'बूकेन' म्हणजे ते पुस्तक. 'एत्त हूस' म्हणजे एक घर, 'हूसेत' म्हणजे ते घर. पुढून आला तर 'एक', मागून आला तर 'ते', असा एकाच तुकड्याचा दुहेरी वापर आहे. 'घर' या शब्दाला 'ला', 'त', 'हून' असं काय काय मागून जोडणाऱ्या मराठी माणसाला यात परकं वाटावं असं काही नाही.

मध्ये विशेषण आलं की स्वीडिश अधिक काटेकोर होते. 'ते मोठं घर' म्हणायचं तर 'दे स्तूरा हूसेत'. इथे 'ते'पणा तीनदा सांगितला आहे: आधीच्या 'दे'मध्ये, विशेषणाच्या 'आ'मध्ये आणि नामाच्या 'एत'मध्ये. इंग्रजीतून शिकणारे या जागी वैतागतात, एकदा सांगून भागत नाही का म्हणून. त्यांनी 'त्या मोठ्या घरात' हे आपलं साधं पद पाहावं. 'ते'चं 'त्या', 'मोठं'चं 'मोठ्या', 'घर'चं 'घरा'. आपणही एकच गोष्ट तीन ठिकाणी नोंदवतो आणि आपल्याला ते जाणवतही नाही.

मुद्दा इथेच आहे. सुमारे एक कोटी लोकांच्या या भाषेचा अभ्यास आपली मंडळी इंग्रजीतून करतात. पुस्तकं इंग्रजीतून, मोबाइलवरची ॲप इंग्रजीतून आणि मनातलं भाषांतरही इंग्रजीतूनच. मग इंग्रजीत जे नाही ते सगळं अवघड ठरतं. मुलुंडहून ठाण्याला जायला आधी दादर गाठावं, तसा हा प्रकार आहे. स्वीडिशमधल्या कितीतरी गोष्टी मराठीच्या अगदी शेजारी आहेत, आणि ज्या खरोखर अवघड आहेत त्या भलत्याच आहेत.

उच्चारांपासून पाहू. (देवनागरीत स्वीडिश लिहिणं ही कामचलाऊ सोय आहे. दोन-तीन स्वर आपल्याकडे नाहीतच, ते ऐकूनच उचलावे लागतात.) स्वीडिशमध्ये 'र'नंतर त, द, न, ल किंवा स आला की दोन्ही मिळून एकच मूर्धन्य उच्चार होतो. म्हणजे आपले ट, ड, ण, ळ आणि शाळेत जीभ वळवून शिकवलेला खरा ष. 'मूल' या अर्थाचा शब्द लिहितात 'बार्न', म्हणतात 'बाण'. टेबलाला 'बूर्द' लिहून 'बूड' म्हणतात. 'कार्ता' म्हणजे नकाशा, पण बोलताना 'काटा'. मार्च महिन्याचा उच्चार 'मष्ष'. आणि प्रेमाला जो शब्द आहे त्यात चक्क ळ येतो: 'शॅळेक'. दोन वेगवेगळ्या शब्दांच्या सांध्यावरही हे घडतं. 'हार दू' म्हणजे 'तुझ्याकडे आहे का', ते बोलण्यात 'हाडू' होतं. शेजारच्या नॉर्वेजियनमध्येही हे उच्चार आहेत, पण युरोपातल्या बहुतेक भाषांना ते अनोळखी. जर्मन किंवा फ्रेंच विद्यार्थी जिथे आरशासमोर जीभ वळवत बसतो, तिथे आपल्याला फक्त नियम कळायला हवा. अपवाद दक्षिणेकडच्या स्कोने प्रांताचा. तिथला 'र' घशातून येतो, त्यामुळे त्याला जोडून मूर्धन्य काही तयार होत नाही.

उलट साधा 'त' हा दंत्य आहे, दातांना जीभ लावून म्हणायचा, आणि त्यात थोडा 'ह' मिसळलेला. इंग्रजी 'टी'ला आपण 'ट' मानत आलो, म्हणून भारतीय माणूस सवयीने 'टक्क' म्हणतो. ते हवं 'तक्क', म्हणजे आभार. इथेच दुसरी खुबी दिसते. 'ताक' म्हटलंत तर त्याचा अर्थ होतो छप्पर. 'ग्लास' म्हणजे पाणी प्यायचा ग्लास आणि 'ग्लस्स' म्हणजे आइस्क्रीम. आघात असलेल्या अक्षरात एक तर स्वर दीर्घ असतो किंवा स्वर ऱ्हस्व ठेवून पुढचं व्यंजन लांबवलेलं असतं. दोन्ही एकदम नाही आणि दोन्ही गैरहजरही नाही. पाठ्यपुस्तकं यावर पानं खर्च करतात, पण वृत्तांच्या मात्रा मोजायला शिकलेल्याला एका वाक्यात सांगता येईल: स्वीडिशमध्ये आघाताचं अक्षर नेहमी गुरू असतं. स्वर दीर्घ असल्यामुळे गुरू, नाहीतर पुढे जोडव्यंजन आल्यामुळे गुरू. हिशेब तोच.

एका बाबतीत मात्र मराठी कान कच्चा पडतो. स्वीडिशमध्ये शब्दाला सूर असतो, खरं तर दोन सूर. 'अंदेन' एका सुरात म्हटलं तर 'ते बदक', दुसऱ्या सुरात 'तो आत्मा'. मुळात 'अंद' हा एकाक्षरी शब्द असेल आणि 'एन' नंतर लागला असेल तर सूर साधा राहतो. मूळ शब्दच 'अंदे' असा दोन अक्षरी असेल तर आवाज दोनदा चढतो. बोलणं ऐकताना गाण्यासारखं वाटतं ते यामुळे. पण फार जिवाला लावून घेऊ नये. फिनलंडमधल्या स्वीडिश भाषकांच्या बोलण्यात हा फरक नाही आणि त्यांचं काही अडत नाही. संदर्भावरून बदक कोणतं आणि आत्मा कोणता ते कळतंच.

आता लिंग. स्वीडिशमध्ये दोन लिंगं आहेत. जुन्या काळी आपल्यासारखीच तीन होती, पुढे पुल्लिंग आणि स्त्रीलिंग मिसळून एक झालं आणि नपुंसकलिंग वेगळं राहिलं. पहिल्याला 'एन', दुसऱ्याला 'एत्त'. साधारण तीन चतुर्थांश नामं 'एन'वाली आहेत, म्हणून अडल्या वेळी 'एन' म्हणून टाकावं, असं शिक्षकही सांगतात. इंग्रजी आणि हिंदी या दोघींनी नामांचं नपुंसकलिंग सोडून दिलं, मराठी-कोकणी-गुजरातीने जपलं. त्यामुळे 'ते' या गटाची जाण आपल्याला मुळातच आहे. गंमत अशी की नेहमीच्या वापरातले बरेच शब्द दोन्हीकडे नपुंसकलिंगीच निघतात: 'एत्त हूस' ते घर, 'एत्त बाण' ते मूल, 'एत्त एप्ले' ते सफरचंद, 'एत्त त्रॅद' ते झाड, 'एत्त ओर' ते वर्ष, 'एत्त नम्न' ते नाव. यातलं शेवटचं साम्य खरं नात्यातलं आहे. 'नम्न' आणि 'नामन्' हे एकाच मुळाचे शब्द, आणि संस्कृतातही तो नपुंसकलिंगीच. बाकीचे योगायोग आहेत, पाठ करायला उपयोगी, पण विसंबायला नाहीत. कारण पुस्तक आपल्याकडे 'ते', तिकडे 'एन बूक'. फूल आपल्याकडे 'ते', तिकडे 'एन ब्लुम्मा'.

लिंग कळलं की विशेषण त्याच्यामागे चालतं, मोठा-मोठी-मोठं यासारखंच: 'एन स्तूर बील' म्हणजे मोठी मोटार, 'एत्त स्तूट हूस' म्हणजे मोठं घर. 'हूसेत ॲर स्तूट' म्हणजे घर मोठं आहे. वाक्याच्या शेवटी गेल्यावरही विशेषणाने नामाचं लिंग धरून ठेवायचं, हे इंग्रजीवाल्यांना नव्याने शिकावं लागतं. आपण ते बोलायला लागल्यापासून करतो.

मग अवघड काय? क्रियापदाची जागा. क्रियापदाची रूपं नव्हेत, ती तर अतिशय सोपी आहेत. 'याग ॲर', 'दू ॲर', 'वी ॲर': मी आहे, तू आहेस, आम्ही आहोत, सगळ्यांना एकच 'ॲर'. पुरुष नाही, वचन नाही, 'जातो-जाते' असा लिंगभेदही नाही. अनेकवचनाची वेगळी रूपं लेखी भाषेत होती, पण बोलण्यातून ती आधीच गेली होती, आणि तेते या स्वीडिश वृत्तसंस्थेने १९४५ साली ती वापरणं थांबवल्यावर छापील स्वीडिशमधूनही ती झपाट्याने नाहीशी झाली. चालू काळाचंही वेगळं रूप नाही. 'वाचतो' आणि 'वाचतोय' दोन्ही 'लेसेर'. अगदीच चालू क्रिया दाखवायची तर स्वीडिश माणूस म्हणतो 'हन सित्तेर ऑ लेसेर', शब्दशः 'तो बसतो आणि वाचतो'. म्हणजे आपलं 'तो वाचत बसलाय'. स्वयंपाक करणारीला मात्र ते बसवत नाहीत. ती 'स्तोर ऑ लागार मात', उभी असते.

जागेचा नियम ऐकायला एका ओळीचा आहे: साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या स्थानी. 'याग द्रिक्केर कफ्फे', मी पितो कॉफी. आता 'आज' आधी आणा. 'ई दाग द्रिक्केर याग कफ्फे', आज पितो मी कॉफी. 'आज'ने पहिली जागा घेतली की 'मी'ला उठून क्रियापदाच्या मागे जावं लागतं. क्रियापद जागचं हलत नाही. पहिल्या जागेवर काहीही बसवता येतं, आणि या स्वातंत्र्याची चव इंग्रजीपेक्षा मराठीला जास्त कळते. 'कफ्फे द्रिक्केर याग इंते' हे वाक्य म्हणजे आपलं 'कॉफी मी पीत नाही', म्हणजे चहा चालेल. इंग्रजीत कॉफीला असं पुढे ओढलं की वाक्य कृत्रिम वाटतं. मराठीत आणि स्वीडिशमध्ये ते रोजचं आहे.

त्या पहिल्या जागेवर अख्खं गौणवाक्यही बसतं. 'नॅर दे रेंग्नार, तार याग बुस्सेन', पाऊस असतो तेव्हा मी बस पकडतो. 'नॅर दे रेंग्नार' एवढं सगळं मिळून पहिलं स्थान, म्हणून लगेच 'तार' हे क्रियापद, मग 'याग'. दोन क्रियापदं एकमेकांना येऊन धडकतात आणि नवशिक्याला वाटतं, काहीतरी चुकलं. चुकलेलं नसतं. आणि 'दे रेंग्नार'मधलं 'दे' कोण? कोणीच नाही. पाऊस पडतो असं म्हणायला आपल्याकडे पाऊस हाच कर्ता असतो. स्वीडिशमध्ये पडण्याचंच क्रियापद आहे आणि कर्ता नाही, पण कर्त्याची जागा रिकामी ठेवायची नाही म्हणून एक नाममात्र 'दे' आणून बसवला आहे. पॉल डिडरिकसेन या डॅनिश व्याकरणकाराने १९४६ साली वाक्याचे असे खण पाडून दाखवणारा तक्ता मांडला. स्वीडनमध्ये आजही व्याकरण शिकवताना तशा तक्त्यांचा आधार घेतात. पहिल्या खणाला म्हणतात 'फुंदामेंत', पाया.

हा नियम एवढा मुरलेला आहे की तो मोडला की माणूस बाहेरचा आहे हे ताबडतोब ओळखू येतं. 'ई गोर याग वार', काल मी होतो, असं सरळ क्रमाने बोलणं हे स्टॉकहोमच्या रिंकेबीसारख्या स्थलांतरितांच्या उपनगरांतल्या तरुणांच्या बोलीचं एक लक्षण मानलं गेलं. भाषाशास्त्रज्ञ उला-ब्रिट कोत्सिनास यांनी १९८०च्या दशकात या बोलीचा अभ्यास केला आणि तिच्याकडे मोडकं स्वीडिश म्हणून न पाहता तरुणांची बोली म्हणून पाहिलं. ते योग्यच. पण नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्याने क्रियापद दुसऱ्या स्थानीच ठेवलेलं बरं.

नकाराची गंमत वेगळी आहे. मुख्य वाक्यात 'इंते', म्हणजे नाही, क्रियापदानंतर येतो: 'हन कॉम्मेर इंते', तो येत नाही. गौणवाक्यात तो उडी मारून क्रियापदाच्या आधी जातो: 'याग वेत अत्त हन इंते कॉम्मेर', मला माहीत आहे की तो येत नाही. विद्यार्थ्यांना हे लक्षात राहावं म्हणून नियमाच्या आद्याक्षरांचा 'बिफ' असा शब्द केला आहे, आणि त्याचा अर्थ गोमांसाचा तुकडा असा होतो. आपल्याला तो तुकडा नको असेल तर मराठीच पुरे आहे. 'तो येत नाही' यात नकार मागे, 'तो न आल्यास' यात नकार पुढे. मुख्य वाक्यात 'नाही' क्रियापदानंतर आणि दुय्यम रचनेत 'न' क्रियापदाआधी, ही चाल आपल्याकडेही आहे.

आणखी एक जागा, जिथे इंग्रजी गप्प बसते. 'एरिक तूग सिन वेस्का' आणि 'एरिक तूग हन्स वेस्का'. पहिल्यात एरिकने आपली बॅग घेतली, दुसऱ्यात त्याची, म्हणजे दुसऱ्याच कोणाची तरी. बॅगेच्या जागी बायको घातली की हा फरक किती महत्त्वाचा आहे ते लक्षात येतं. आपल्या 'आपला' आणि 'त्याचा' यांसारखाच हा भेद. पथ्यही तेच: 'एरिक आणि त्याची बायको आले' असंच म्हणायचं, तिथे 'आपली बायको' चालत नाही, आणि स्वीडिशमध्येही तिथे 'सिन' चालत नाही. परदेशी विद्यार्थी नेमके तिथेच घसरतात.

नात्यांच्या बाबतीत तर आपण घरचेच. आई 'मूर', वडील 'फार'. आईची बहीण 'मुस्तेर', वडिलांची बहीण 'फस्तेर'. आईचा भाऊ 'मुर्ब्रुर', वडिलांचा भाऊ 'फर्ब्रुर'. मावशी, आत्या, मामा, काका यांच्यासाठी चार वेगळे शब्द आहेत. 'मुस्तेर' हा 'आईची बहीण' या दोन शब्दांचा आकसलेला समास आहे, आणि आपली 'मावशी'ही 'मातृष्वसा'मधूनच आली, म्हणजे तीही आईची बहीणच. आजी-आजोबांच्या बाबतीत ते आपल्याही पुढे गेले आहेत. आईची आई 'मुर्मुर', वडिलांची आई 'फर्मुर', आईचे वडील 'मुर्फार', वडिलांचे वडील 'फर्फार'. 'कुठली आजी, आईकडची की बाबांकडची?' हा प्रश्न स्वीडिश मुलाला विचारावा लागत नाही. लग्नाने आलेल्या नात्यांत मात्र स्वीडिश गरीब आहे. वहिनी, जाऊ, नणंद, मेहुणी या सगळ्या जणी एकाच 'स्वेगेष्का'मध्ये कोंबल्या आहेत.

घड्याळाकडे या. 'हल्व फेम' म्हणजे किती वाजले? 'हल्व' अर्धा, 'फेम' पाच. इंग्रजीच्या सवयीने साडेपाच समजणारा माणूस एक तास उशिरा पोचतो, कारण खरी वेळ साडेचार आहे: पाचवा तास अर्धा झाला. हे विचित्र वाटत असेल तर 'अडीच' आठवावा. तो आला 'अर्धतृतीय'वरून, तिसरा अर्धा. साडेतीन हातांच्या देहाला जुनी मराठी 'औट हात' म्हणते, तो 'औट' आला 'अर्धचतुर्थ'वरून, चौथा अर्धा. स्वीडिशमध्येही दीडला 'हल्वअन्नन' असा आता थोडा जुनाट झालेला शब्द आहे, अर्थ 'दुसरा अर्धा'. आपला 'दीड'ही तसाच, 'द्व्यर्ध'वरून आलेला. आपण तो हिशेब विसरलो, स्वीडिश लोकांनी घड्याळात ठेवला.

काळाची शब्दयोगी अव्ययं इंग्रजीतून शिकली तर गोंधळ होतो, मराठीतून शिकली तर नीट बसतात. 'ऑम त्रे दागार' तीन दिवसांनी. 'पो त्रे दागार' तीन दिवसांत. 'ई त्रे दागार' तीन दिवस. काम तीन दिवसांत केलं तर 'पो'. आणि तीन दिवसांत झोपलो नाही? तिथेही 'पो': 'याग हार इंते सोवित पो त्रे दागार'. होकारात 'ई' आणि नकारात 'पो' असा अपवाद इंग्रजी पुस्तकं चौकटीत छापतात. आपण मात्र 'तीन दिवस झोपलो' आणि 'तीन दिवसांत झोपलो नाही' असं म्हणतोच की. परवासाठी त्यांचे दोन शब्द आहेत, गेलेला परवा 'ई फॉरगोर' आणि येणारा परवा 'ई ओवेर्मॉरॉन'. इंग्रजीत एकही नाही.

एवढं सख्य असूनही काही ठिकाणी मराठी हात वर करते. पुस्तक टेबलावर 'आहे' असं स्वीडिश माणूस सहसा म्हणत नाही. पुस्तक 'लिग्गेर', आडवं पडलेलं असतं. ताटली मात्र 'स्तोर', उभी असते, कारण तिला बूड आहे आणि ती त्यावर ठेवली जाते. किल्ली कुलपात 'सित्तेर', बसलेली असते. ठेवण्याची क्रियापदंही मग तीन. याला युक्ती नाही. शंभर वेळा ऐकावं, मग ताटली आपोआप उभी राहते.

'वाटणं' हेही आपल्याला दगा देतं. सिनेमा पाहून झाल्यावर तो छान वाटला तर 'त्युक्केर'. न पाहता छान असावा असं वाटतं तर 'त्रूर'. पाहिलेल्या सिनेमाला 'त्रूर' लावलं तर समोरचा विचारणार, पाहिलास की नाही? 'जाणं' तसंच. 'याग गोर तिल्ल ओस्लो' म्हणाल तर तुम्ही ओस्लोपर्यंत पायी निघालात. बसने, गाडीने, विमानाने जायचं तर 'ओकेर'. स्थळाची अव्ययं तर शुद्ध पाठांतराचा विषय: शाळेत 'ई', दुकानात 'ई', पण इस्पितळात 'पो', बँकेत 'पो', कामावर 'पो', सिनेमाला 'पो'. कारण विचारू नये, आपण तरी 'गावाला' आणि 'गावात' यांतला फरक कुणाला धड समजावून देतो?

समास लिहिण्यात स्वीडिश लोक स्वतःच चुकतात आणि त्यावरून एकमेकांना हसतात. समास जोडूनच लिहायचा, नाहीतर अर्थ फिरतो. 'श्युक्लिंगलेवेर' म्हणजे कोंबडीची कलेजी. खाटकाच्या फळ्यावर तोच शब्द तोडून 'श्युक्लिंग लेवेर' असा लिहिला की वाक्य तयार होतं: कोंबडी जिवंत आहे. 'रोकफ्रित्त' म्हणजे धूम्रपानमुक्त, तोडून लिहिलं तर 'खुशाल ओढा'.

राहिला प्रश्न माणसाला हाक मारण्याचा. मराठी माणसाची जीभ सर्वांत जास्त इथे अडते. स्वीडिशमध्ये आज सगळे 'दू', म्हणजे 'तू'. डॉक्टर, प्राध्यापक, पंतप्रधान, सत्तर वर्षांच्या घरमालकीणबाई, सगळ्यांना. पण हे जुनं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे मानाने बोलायचं तर पदवी घेऊन तृतीय पुरुषात बोलावं लागे: 'विल्ल दॉक्तॉण हा कफ्फे?', डॉक्टर कॉफी घेणार का? समोर बसलेल्या डॉक्टरांनाच विचारलेला प्रश्न. 'साहेब चहा घेणार का?' असं विचारणाऱ्या आपल्याला यात नवल नाही, पण स्वीडिश लोकांना ते जाचू लागलं, कारण समोरच्याची पदवी माहीत नसेल तर वाक्यच सुरू करता येत नसे. 'नी', म्हणजे 'तुम्ही', हा शब्द होता, पण तो बहुधा वरच्याने खालच्याला वापरायचा, त्यामुळे त्यात मान नव्हता, असलाच तर थोडा अपमानच होता. १९६७ साली देशाच्या मध्यवर्ती आरोग्य खात्याचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी कर्मचाऱ्यांसमोरच्या पहिल्याच भाषणात जाहीर केलं की मी सगळ्यांना 'दू' म्हणणार. बदल आधीपासून सुरू होता, पण श्रेय त्यांच्या नावावर जमा झालं.

अलीकडे दुकानांतले काही तरुण विक्रेते ग्राहकाला आदराने 'नी' म्हणू लागले आहेत. म्हाताऱ्या ग्राहकांना ते खटकतं, त्यांच्या आठवणीतला 'नी' वेगळा आहे. त्यामुळे शिकणाऱ्याने संकोच गिळून 'दू'च म्हणावं, 'अहो' तिथे कुणी मागत नाही. अपवाद एकाच घराण्याचा. राजाशी बोलताना रीत अजून जुनीच आहे, आणि ते समोर बसलेले असले तरी विचारायचं ते असंच: 'विल्ल कुंगेन हा कफ्फे?', राजेसाहेब कॉफी घेणार का?